एकोणीस गाण्यांची सावली

१९८२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘अ‍ॅबा’ या स्वीडिश बँडचं ‘द डे बिफोर यू केम’ हे गाणं बाजारात आलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३२ व्या क्रमांकावर जाऊन थांबलं. त्याच वर्षी आधी आलेलं ‘हेड ओव्हर हील्स’ २५ व्या क्रमांकावर अडलं होतं. वर्षअखेरीचं ‘अंडर अटॅक’ २६ च्या पुढे सरकलं नाही. ज्या बँडची ओळीने अठरा गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेली होती, त्याची एका वर्षात ही गत झाली. ११ डिसेंबर १९८२ ला बीबीसीच्या एका कार्यक्रमात आग्नेथा, फ्रीडा, बेनी आणि ब्यॉर्न ही बँडची चार माणसं स्टॉकहोमहून उपग्रहाद्वारे दिसली. त्यानंतर ‘आम्ही थांबतोय’ असंही न सांगता त्यांचं काम थांबलं.

हे आकडे आधीच मांडून ठेवतो, कारण २०२१ साली अ‍ॅबाचा ‘व्हॉयेज’ हा अल्बम आला तेव्हा झालेल्या वादात ते कुणी काढलेच नाहीत. बँड ऐन भरात असताना उठून गेला आणि चाळीस वर्षांनी परतून त्याने आपल्याच नावाला बट्टा लावला, असं जो तो धरून चालला होता. घडलं होतं ते वेगळं. लोकांनी पाठ फिरवायला सुरुवात केली होती आणि मग बँड थांबला होता. मधल्या काळात लोकांची आठवण नव्याने बांधली गेली. ती कशी बांधली गेली हे पाहिल्याशिवाय ‘व्हॉयेज’वरच्या रुसव्याचा उलगडा होत नाही.

मी पुढे ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आयुष्य काढलं. पण कानाला पहिलं वळण लागलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, गिरगावात कॅसेटी भरून देणाऱ्या एका दुकानात. कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपारपासून दुकानाचं शटर पडेपर्यंत मी तिथे बसायचो. एक रेकॉर्ड प्लेअर, दोन डेक आणि भिंतभर एलपी. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणायचं, सी-६० नाहीतर सी-९०, आणि सोबत वहीच्या कागदावर गाण्यांची यादी. एलपी मखमली पॅडने पुसायची. गाण्यातला सर्वांत दणदणीत भाग आधी एकदा लावून लेव्हल बांधून घ्यायची, नाहीतर ऐन धृपदात आवाज फाटतो. मग डेक रेकॉर्डवर टाकून पॉझ दाबून ठेवायचा, दोन गाण्यांमधल्या कोऱ्या पट्टीत सुई अलगद सोडायची आणि तिची खरखर कानावर पडली की पॉझ सोडायचा. सी-६० च्या एका बाजूला तीस मिनिटं बसतात. हिशेब चुकला तर शेवटचं गाणं अर्ध्यात तुटतं आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक भांडायला येतं.

अ‍ॅबाच्या याद्या जवळपास छापील असल्यासारख्या यायच्या. ‘डान्सिंग क्वीन’, ‘फर्नांडो’, ‘मनी, मनी, मनी’, ‘चिकिटीटा’, ‘आय हॅव अ ड्रीम’. पुष्कळदा कॅसेटच्या एका बाजूला बोनी एम आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅबा. काही जण ‘हम किसीसे कम नहीं’मधल्या ‘मिल गया हमको साथी’चं इंग्रजी मूळ मागायचे. त्यांना मी ‘मम्मा मिया’ भरून द्यायचो. १९७५ मधली ती चाल पंचमदांनी १९७७ च्या त्या चित्रपटात घेतली होती, आणि अ‍ॅबाचं नावही न ऐकलेल्या घरांतून ती वाजून गेली होती.

सुई एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेताना मधली गाणी मागे राहायची. दुकान रिकामं असलं की मी ती ऐकायचो, अख्खी बाजू लावून. ‘अरायव्हल’ या १९७६ च्या एलपीवर ‘डान्सिंग क्वीन’ आहे आणि ‘नोइंग मी, नोइंग यू’ आहे, पण त्या दोन शिखरांच्या मध्ये ‘डम डम डिडल’ नावाचं एक पोरकट गाणंही आहे. ‘वॉटर्लू’च्या एलपीवर ‘किंग काँग साँग’ आहे. ‘द व्हिजिटर्स’सारख्या गंभीर एलपीवरही ब्यॉर्नने म्हटलेलं ‘टू फॉर द प्राइस ऑफ वन’ हे विनोदी गाणं येतं आणि शेवटी त्यात चक्क बँडबाजा वाजतो. यांतलं एकही गाणं माझ्या हातून कुणाच्या कॅसेटवर गेलं नाही. भरून घेणाऱ्याला अख्खा अ‍ॅबा कधी भेटलाच नाही. त्याला भेटली ती त्याच्या यादीतली गाणी.

आमच्या कंपूतला एकच जण याला अपवाद होता. त्याचे वडील बोटीवर होते आणि परदेशी बंदरांतून एलपी आणायचे. त्याने अ‍ॅबाचे आठही अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने, ऐकले होते. या तपशिलाला पुढे महत्त्व आहे.

‘व्हॉयेज’ आला ५ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीच्या पाडव्याच्या दिवशी. त्याआधीचा अल्बम ‘द व्हिजिटर्स’, नोव्हेंबर १९८१ मधला. मधे चाळीस वर्षं गेली होती. आग्नेथा ७१ वर्षांची होती, फ्रीडा ७५, बेनी ७४ आणि ब्यॉर्न ७६. पहिल्या आठवड्यात एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला. अमेरिकेत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. ऐन उमेदीच्या काळातसुद्धा तिथे त्यांचा एकही अल्बम १४ च्या वर गेला नव्हता. समीक्षकांत मात्र फूट पडली. काहींनी मनापासून स्वागत केलं, तर ‘गार्डियन’ने पाचांपैकी दोन तारे दिले. चाहत्यांमधली फूट त्याहून खोल होती.

आमच्या कंपूतही ती पडली. ज्यांना मी एके काळी कॅसेटी भरून दिल्या होत्या, ते बहुतेक सगळे हिरमुसले होते. एकाने ‘लिटल थिंग्ज’ या नाताळच्या गाण्यातला लहान मुलांचा कोरस ऐकला आणि पुढचा अल्बम लावलाच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, सप्टेंबरमध्ये आधी सोडलेल्या दोन गाण्यांवर त्यांनी थांबायला हवं होतं. भाऊबीजेला बहिणीकडे गेलो तर भाची म्हणाली, “मामा, मी सगळा ऐकला. नाचायला एकच गाणं आहे रे त्यात.” तिला अ‍ॅबा भेटला तो २००८ च्या ‘मम्मा मिया’ चित्रपटातून. बोटीवाल्यांचा मुलगा मात्र शांत होता. तो म्हणाला, “अरे, प्रत्येक अल्बमात त्यांची दोन-तीन गाणी अशी असायचीच. तुम्ही ती ऐकलीच नाहीत, त्याला ते काय करणार?”

मला त्याचं म्हणणं पटलं, आणि हा फरक कुठून आला याचा माग काढावासा वाटला. आम्ही एकाच वयाचे, एकाच भागात वाढलेले, वाटही सारखीच पाहिलेली. फरक एवढाच की त्याच्याकडे अल्बम होते आणि बाकीच्यांकडे निवड होती. हाच फरक जगभर पडला होता, आणि त्याला एक नेमकं वर्ष आहे.

१९८३ ते १९९१ ही वर्षं अ‍ॅबाच्या नावाला फार वाईट गेली. मायदेशी तर त्यांची अवहेलना आधीपासूनच होती. १९७४ साली ब्रायटनला ‘वॉटर्लू’ने युरोव्हिजन जिंकल्यामुळे पुढच्या वर्षीची स्पर्धा स्टॉकहोमला झाली, तेव्हा तिथल्या डाव्या विचारांच्या संगीतकारांनी विरोधात स्वतःचा पर्यायी महोत्सव भरवला. गाणं विकायची वस्तू झाली, आणि अ‍ॅबा हे त्याचं उदाहरण, असा त्यांचा आरोप होता. ऐंशीच्या दशकात बाकीच्या युरोपातही अ‍ॅबा म्हणजे चमचमत्या कपड्यांतली जुनी फॅशन, अशी समजूत झाली. बेनी आणि ब्यॉर्न ‘चेस’ या संगीतिकेकडे वळले. या पडत्या काळात नाव जागतं ठेवलं ते चाहत्यांनी. नेदरलँड्समधल्या रोझेंडाल गावी १९८६ मध्ये चाहत्यांचा मंडळवजा क्लब निघाला, त्याचं मासिक निघालं. १९८८ मध्ये मेलबर्नला ‘ब्यॉर्न अगेन’ हा अ‍ॅबाचीच गाणी त्यांच्याच वेषात म्हणणारा बँड उभा राहिला. युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या समलिंगी पुरुषांच्या क्लबांमध्ये ही गाणी वाजायची कधी थांबलीच नाहीत.

मग १९९२ उजाडलं. जूनमध्ये ‘इरेझर’ या ब्रिटिश जोडीने अ‍ॅबाच्या चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली आणि ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच महिन्यात स्टॉकहोमला ‘यू टू’ने मंचावर ‘डान्सिंग क्वीन’ म्हटलं, आणि साथीला खुद्द बेनी आणि ब्यॉर्न उभे राहिले. तोवर अ‍ॅबाची मूळ कंपनी ‘पोलार’ बहुराष्ट्रीय ‘पॉलिग्राम’ने विकत घेतली होती. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांकडे वाटले गेलेले हक्क एका हातात आल्यावर तिने जुने निवडक संग्रह बाजारातून काढून घेतले आणि सप्टेंबर १९९२ मध्ये एकच संग्रह आणला, ‘अ‍ॅबा गोल्ड’. काळ्या आवरणावर सोनेरी अक्षरं, सत्तरच्या दशकातले कपडे कुठेही नाहीत. आत १९ गाणी.

‘गोल्ड’च्या तीन कोटींच्या आसपास प्रती विकल्या गेल्या. जुलै २०२१ मध्ये, म्हणजे ‘व्हॉयेज’ येण्याच्या चार महिने आधी, ब्रिटनच्या पहिल्या शंभर अल्बमांत हजार आठवडे काढणारा तो पहिला अल्बम ठरला. ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक विकल्या गेलेल्या अल्बमांत तो दुसरा आहे, आणि पहिला आहे क्वीनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’, म्हणजे तोही निवडक संग्रहच. अमेरिकेत विक्रीच्या शिखरावर ईगल्सचा १९७६ चा निवडक संग्रह आहे. जुनी गाणी नव्याने बांधून विकण्यात रेकॉर्ड कंपन्यांना स्टुडिओचा खर्च नाही, नव्या गाण्याची जोखीम नाही. त्यामुळे हा धंदा फोफावला आणि दोन पिढ्यांच्या कानांत बँडची ओळख म्हणून संग्रहच बसले.

आता ‘गोल्ड’मध्ये काय नाही ते पाहा. ‘द व्हिजिटर्स’मधून त्यात एकच गाणं आहे, ‘वन ऑफ अस’. ‘द डे बिफोर यू केम’ नाही. ‘हेड ओव्हर हील्स’ नाही, ‘अंडर अटॅक’ नाही. म्हणजे १९८२ हे अख्खं वर्ष त्या संग्रहातून गळलेलं आहे. ज्याने अ‍ॅबाला फक्त ‘गोल्ड’मधून ऐकलं, त्याच्या लेखी बँड कधी घसरलाच नाही, कधी पोरकट झाला नाही आणि कधी काळोखातही गेला नाही. चाळणीतून खाली पडलेलं पीठ पाहून जात्याची परीक्षा करावी, तसं हे झालं. भाचीचं एक ठीक आहे, तिला दुसरं काही मिळालंच नव्हतं. पण माझ्या पिढीच्या मित्रांनी तर ‘गोल्ड’ निघायच्या दहा वर्षं आधी, वहीच्या कागदावर, आपापलं ‘गोल्ड’ तयार करून घेतलं होतं.

असं अ‍ॅबाच्या बाबतीत पहिल्यांदा घडलं असंही नाही. याचा जुना आणि स्वच्छ दाखला कॅलिफोर्नियातल्या ‘बीच बॉईज’चा आहे. १९६१ मध्ये हॉथॉर्न गावात तीन भाऊ, एक आतेभाऊ आणि एक मित्र यांनी सुरू केलेला हा बँड समुद्राच्या लाटा, गाड्या आणि उन्हाळा यांची गाणी म्हणून गाजला. मोठा भाऊ ब्रायन विल्सन संगीतकार. त्याने १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ केला, पुढच्या वर्षी ‘स्माइल’ हा महत्त्वाकांक्षी अल्बम अर्धवट सोडला आणि हळूहळू तो मागे सरला. बाकीच्यांनी काम चालू ठेवलं. १९७० चा ‘सनफ्लॉवर’ आज जाणकार त्यांच्या उत्तम अल्बमांत धरतात, पण तेव्हा अमेरिकेत तो १५१ व्या क्रमांकावर राहिला.

१९७४ च्या उन्हाळ्यात कॅपिटॉल कंपनीने त्यांच्या जुन्या २० गाण्यांचा ‘एंडलेस समर’ हा संग्रह काढला. सगळी गाणी १९६५ पर्यंतची. ‘पेट साउंड्स’मधलं त्यात एकही नव्हतं. संग्रह पहिल्या क्रमांकावर गेला. जिवंत, काम करत असलेल्या बँडची नवी गाणी कुणाला नको होती. सगळ्यांना हवी होती ती दहा वर्षांपूर्वीची. कार्यक्रमांत तीच मागितली जाऊ लागली, तीच वाजू लागली. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, ‘ब्रायन परत आला’ अशी मोठी जाहिरात करून ‘फिफ्टीन बिग वन्स’ आणला गेला. ‘पेट साउंड्स’नंतर ब्रायनने एकट्याने सांभाळलेली ही पहिलीच निर्मिती. खप चांगला झाला, अल्बम आठव्या क्रमांकावर पोहोचला. पण जवळपास निम्मी गाणी दुसऱ्यांची, पन्नास-साठच्या दशकांतली जुनी रॉक अँड रोल गाणी. ब्रायनचा आवाज खरबरीत झालेला. चाहते खट्टू झाले. पुढच्या वर्षी ब्रायनने ‘लव्ह यू’ नावाचा विक्षिप्त, संपूर्ण स्वतःचा अल्बम केला. तो खपला नाही, आणि त्याच्यावरून चाहते आजही दोन तट करून भांडतात.

या दोन अल्बमांत मला फरक दिसतो तो असा. ‘फिफ्टीन बिग वन्स’ने ‘एंडलेस समर’ला खूश करायचा प्रयत्न केला आणि त्यात तो हरला. ‘लव्ह यू’ने त्या संग्रहाकडे पाहिलंच नाही, म्हणून चूक असो वा बरोबर, तो ब्रायनचा अल्बम झाला. परतणाऱ्या बँडपुढे हेच दोन रस्ते असतात. लोकांनी जपलेल्या निवडीसारखं काहीतरी करायचं, नाहीतर जिथे काम सोडलं होतं तिथून पुढे जायचं.

‘व्हॉयेज’ ऐकताना मी हाच प्रश्न मनात ठेवला. धंद्याच्या सवयीने आधी आवाजाकडेच लक्ष गेलं. अ‍ॅबाचा तो रुंद, झळझळीत आवाज ही मायकेल ट्रेटो या ध्वनिमुद्रकाची करामत. १९७३ च्या ‘रिंग रिंग’पासून त्याने एक युक्ती वापरली. साथीचा एक थर मुद्रित करायचा, मग टेपचा वेग किंचित बदलून तीच साथ पुन्हा वाजवून घ्यायची. दोन थर एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. त्या सुताएवढ्या फरकामुळे चार वादक आठ-दहा असल्यासारखे भासतात. तेच आवाजांचं. आग्नेथाचा आवाज धारदार, फ्रीडाचा गोलाईचा. दोघी एकत्र गायच्या, मग पुन्हा त्याच ओळीवर गायच्या, आणि पुन्हा. या थरांच्या खाली ओला ब्रुंकर्टचे ड्रम्स आणि रुटगर गुन्नार्सनचा बेस. त्या जोडीच्या जोरावर गाणं उभं राहायचं.

‘व्हॉयेज’च्या वेळी ब्रुंकर्ट २००८ मध्येच गेले होते, गुन्नार्सन २०१५ मध्ये. ट्रेटोही या कामात नव्हते. मुद्रण झालं ते स्टॉकहोममधल्या शेप्सहोल्मेन बेटावरच्या बेनीच्या स्टुडिओत. मिश्रण बेनी आणि बर्नार्ड लोर यांनी केलं. जुन्यांपैकी गिटारवादक लासे वेलँडर होते, आणि शेवटच्या काळातल्या काही गाण्यांना ड्रम्स वाजवलेले पेर लिंडवाल होते. काम नेटकं आहे, एकही सूर हललेला नाही. पण खालचा रेटा कमी झाला आहे आणि ती जागा ऑर्केस्ट्राने भरली आहे. गायिकांच्या आवाजांची पट्टी वयाप्रमाणे खाली आली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट पंचाहत्तरीच्या फ्रीडाने ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’ ज्या भरदारपणे पेललं आहे ते ऐकून मी थक्क झालो.

अडचण दिसते ती पाचव्या गाण्यात. ‘जस्ट अ नोशन’चे आवाज १९७८ चे आहेत. ते गाणं तेव्हा अर्धवट ठेवून दिलं होतं. त्याचा एक तुकडा १९९४ च्या बॉक्स सेटमध्ये आला होता, म्हणून कट्टर चाहत्यांना तो पाठ होता. २०२१ मध्ये जुन्या आवाजांना नवी साथ जोडली. परिणाम असा की सत्तरीतल्या आवाजांची चार गाणी झाल्यावर अचानक अठ्ठावीस वर्षांची आग्नेथा आणि बत्तीस वर्षांची फ्रीडा गाऊ लागतात आणि लगेच पुढच्या गाण्यात त्या पुन्हा आजच्या होतात. हे जोडकाम कसबी आहे. पण यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात तुलना पेटवली ती अल्बमनेच. जिची भीती होती ती ‘गोल्ड’ची सावली बँडने स्वतःच आत बोलावली.

अल्बमचा उगमही इथे सांगायला हवा. २०१६ मध्ये निर्माते सायमन फुलर यांच्याबरोबर अ‍ॅबाचे डिजिटल अवतार मंचावर आणायची योजना जाहीर झाली. त्या कार्यक्रमासाठी नवं काहीतरी हवं म्हणून दोन गाणी करायची ठरली. एप्रिल २०१८ मध्ये ती दोन तयार असल्याचं जगाला कळलं. काम करता करता दोनाची दहा झाली. म्हणजे चाळीस वर्षं साठवलेलं काही ओतायचं होतं असं नव्हे, चार मित्रांना पुन्हा एका खोलीत बरं वाटलं आणि काम वाढत गेलं. मला त्यात काहीही कमीपणा वाटत नाही. २००० साली शंभर कार्यक्रमांसाठी आलेला एक अब्ज डॉलर्सचा प्रस्ताव ज्यांनी नाकारला, त्यांनी पैशासाठी हे केलं असा आरोप टिकत नाही.

पण मन जिथे अडतं ती जागा वेगळी आहे. ‘द व्हिजिटर्स’ झाला तेव्हा बँडमधल्या दोन्ही जोडप्यांची, आग्नेथा-ब्यॉर्न आणि फ्रीडा-बेनी यांची, लग्नं मोडली होती. आवरणावर चौघं एका जुन्या चित्रकाराच्या अंधाऱ्या स्टुडिओत, एकमेकांपासून लांब, आपापल्या जागी थांबलेली आहेत. शीर्षकगीत सोव्हिएत राजवटीतल्या, दारावरच्या थापेला घाबरणाऱ्या विरोधकांबद्दल आहे. एक गाणं मुलगी शाळेत जाताना पाहणाऱ्या आईचं आहे, एक बेनी-फ्रीडाच्या काडीमोडाचं, आणि ते फ्रीडाच गाते. शेवटच्या गाण्यात तर फ्रीडाचा एकटा आवाज आणि आजूबाजूला जवळपास शांतता. पॉप संगीत इतकं प्रौढ क्वचित झालं असेल. आणि हाच अल्बम १९८२ मध्ये हॅनोव्हरजवळच्या कारखान्यात कॉम्पॅक्ट डिस्कवर सर्वांत आधी छापला गेला. म्हणजे तंत्रातही तो पुढचा होता.

‘व्हॉयेज’ने हा धागा एकदाच उचलला, ‘कीप अ‍ॅन आय ऑन डॅन’मध्ये. घटस्फोटित आई मुलाला शनिवार-रविवारसाठी त्याच्या वडिलांकडे सोडून गाडीत येऊन बसते. गाण्याखालचा सिंथेसायझर अस्वस्थ आहे, शेवटी पियानोवर ‘एसओएस’ची ओळखीची सुरावट येऊन जाते. इथे मला तोच बँड सापडला, चाळीस वर्षं थोराड झालेला. ‘डोन्ट शट मी डाउन’ आनंदाचं आणि सच्चं आहे. बाकी पुष्कळसं संगीतिकेच्या मंचावर शोभेल असं गोड आहे, ‘बम्बलबी’तली हवामानबदलाची काळजीसुद्धा बासरीच्या गोडव्यात विरघळते. बेनी आणि ब्यॉर्न यांनी ‘द व्हिजिटर्स’च्या पुढचं दार उघडण्याऐवजी लोकांच्या लाडक्या अ‍ॅबाला भेट द्यायचं ठरवलं, असं माझं मत आहे. १९७६ मध्ये ब्रायन विल्सनच्या बँडचं जे झालं, तेच इथे अधिक सभ्यपणे झालं.

यात एक गोष्ट मला विशेष वाटते. २७ मे २०२२ ला लंडनमध्ये तीन हजार जणांच्या खास बांधलेल्या रंगशाळेत डिजिटल अवतारांचा कार्यक्रम सुरू झाला. दहा वादक जिवंत वाजवतात आणि पडद्यावर तरुण अ‍ॅबा गातो. नव्या अल्बमातली त्यात फक्त दोन गाणी घेतली, तीच पहिली दोन. पण तेव्हा कार्यक्रम उघडला तो ‘द व्हिजिटर्स’च्या शीर्षकगीताने, आणि दुसरं गाणं होतं ‘होल इन युवर सोल’. दोन्ही ‘गोल्ड’मध्ये नाहीत. नाचायला आलेल्या हजारो माणसांसमोर बँडने आधी आपली न निवडली गेलेली गाणी ठेवली. रंगशाळेत दाखवलेली ही हिंमत अल्बममध्ये उतरली असती तर आज वाद वेगळा झाला असता.

चाहत्यांच्या भांडणात माझी बाजू कुठली, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. नऊ अल्बमांत मी ‘व्हॉयेज’ला सातवा धरतो. ‘रिंग रिंग’ आणि ‘वॉटर्लू’ यांच्याहून तो बरा आहे, बाकीच्या सहांपेक्षा कमी. ‘गोल्ड’शी त्याची कुस्ती लावणं मात्र अन्याय आहे. आठ अल्बम आणि दहा वर्षं पिळून काढलेल्या १९ गाण्यांपुढे ‘अरायव्हल’ही टिकणार नाही, ‘सुपर ट्रूपर’ही नाही. त्या हिशेबाने अ‍ॅबाचा प्रत्येक अल्बम निराशाजनक ठरेल. ज्याला हा वाद घालायचा आहे त्याने आधी आठही अल्बम एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ‘डम डम डिडल’ आणि ‘किंग काँग साँग’सकट, ऐकावेत. मग ‘द व्हिजिटर्स’ लावावा आणि त्याच्या लगेच मागोमाग ‘व्हॉयेज’. तिथे ‘व्हॉयेज’ हरतो, पण बरोबरीच्या गड्याशी हरतो. चार थोर कलावंतांना एवढा न्याय मिळायलाच हवा.